रिमोटच्या हेलिकॉप्टरसाठी नवी बॅटरी: कोणती घ्यावी?

नौपाडेकर | १० ऑक्टोबर, रात्री ९.१४

मंडळी, दोन हेलिकॉप्टरांच्या बॅटऱ्या बदलायच्या आहेत. जाणकारांनी सल्ला द्यावा.

पहिलं छोटं आहे, तीन चॅनेलचं, इन्फ्रारेड रिमोटवालं, सायमा एस१०७जीच्या जातीचं. आत ३.७ व्होल्ट, १५० एमएएच क्षमतेची बॅटरी थेट सोल्डर केलेली आहे. दिवा 'फुल' दाखवतो, पण दीड मिनिटात हेलिकॉप्टर खाली बसतं.

दुसरं मोठं, ४५० वर्गाचं, ब्रशलेस मोटरचं. बॅटरी ११.१ व्होल्ट (३एस, म्हणजे एकापुढे एक जोडलेले तीन सेल), २२०० एमएएच, २०सी (क्षमतेच्या वीस पट करंट देणारी), पिवळा एक्सटी६० कनेक्टर. पावसाळाभर फुल चार्ज करून कपाटात ठेवलेली होती, आता मधोमध फुगली आहे. मल्टिमीटरवर तीन सेल ४.०५, ४.०४ आणि ३.६१ दाखवतात.

प्रश्न असे:
१) दोन्हींत जास्त एमएएचची बॅटरी टाकली तर जास्त वेळ उडेल ना?
२) किती 'सी'ची घ्यावी?
३) ठाण्यातून कुठे जाऊन घेता येईल, की ऑनलाइनच मागवावी?
४) फुगलेली बॅटरी अजून थोडे दिवस चालवता येईल का?

मिलिव्होल्ट | १० ऑक्टोबर, रात्री ९.४०

चौथ्याचं उत्तर आधी, कारण ते तातडीचं आहे. नाही. दोन सेल ४.०५ वर आणि तिसरा ३.६१ वर, म्हणजे तिसरा सेल आतल्या आत गळतो आहे. ती बॅटरी आता चार्जरला लावू नका. आज रात्रीच कपाटातून काढून गॅलरीत मातीच्या कुंडीत ठेवा, वर लाकूड, कापड काही नको. फुगवटा दाबू नका, टोचू तर अजिबात नका.

आता निवड. बहुतेक जण एमएएचपासून सुरुवात करतात. ते शेवटी बघायचं. पहिला व्होल्टेज, म्हणजे किती एस. तो बदलायचाच नाही. मग जागा आणि वजन. मग कनेक्टर आणि त्याची पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण बाजू. मग सी. आणि एवढ्या सगळ्यात बसेल तेवढे एमएएच.

खाडीकाठ | १० ऑक्टोबर, रात्री १०.०५

छोट्याला ५०० एमएएचची टाका की. बाजारात सर्रास मिळते, तिप्पट वेळ उडेल. नाहीतर जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला १८६५० सेल काढा. तोही ३.७ व्होल्टचाच असतो आणि २००० च्या वर एमएएच देतो.

मुक्ता_ऐरोली | १० ऑक्टोबर, रात्री १०.५२

खाडीकाठ, १८६५० चा एक सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि हे अख्खं हेलिकॉप्टर बॅटरीसकट साधारण ४० ग्रॅमचं. पाखराच्या पाठीवर पाखराहून जड दगड बांधल्यासारखं होईल, जागचं हलणार नाही.

५०० चंही तसंच. एक सेलच्या छोट्या लायपोचं (लिथियम पॉलिमर बॅटरीचं) वजन दर १००० एमएएचला २५ ते ३० ग्रॅम धरा. १५० ची बॅटरी ४ ग्रॅम, ५०० ची १३ ग्रॅम. हेलिकॉप्टर ४० वरून ४९ ग्रॅमवर गेलं, म्हणजे जवळजवळ सव्वापट. हवेत नुसतं तरंगत राहायला लागणारी शक्ती वजनाच्या दीड घाताने वाढते, म्हणून वजन सव्वापट झालं की शक्ती सुमारे १.३५ पट लागते. ती कुठून येणार? त्याच दोन ब्रशवाल्या मोटरींतून, त्याच बोर्डवरच्या ट्रान्झिस्टरमधून. मोटर हाताला चटका देईल इतकी तापते, ब्रश झिजतात आणि थोड्याच दिवसांत एक मोटर दुसरीपेक्षा हळू फिरायला लागते. मग रिमोटवरचं दिशा सुधारायचं ट्रिम कितीही फिरवा, हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरत राहतं. वर ५०० चा सेल पुढच्या टोपणाखाली मावत नाही ते वेगळंच.

१८० किंवा २०० एमएएच घ्या, नौपाडेकर. २०० ला वजन फक्त दीड ग्रॅमच्या आसपास वाढतं आणि उडण्याचा वेळ सव्वापट होतो. छोट्यासाठी हाच मुक्काम. याच्या पुढे नफ्यापेक्षा तोटा जास्त.

पारसिक | ११ ऑक्टोबर, सकाळी ७.३१

मुक्ताताईंशी सहमत. जुन्या सेलवर सहा आकडी नंबर छापलेला असेल तो टिपून घ्या, तेच त्याचं माप असतं. उदाहरणार्थ ५०१७२५ म्हणजे जाडी ५.० मिमी, रुंदी १७, लांबी २५. नवा सेल मागताना हा नंबर सांगितला की दुकानदार दुसरं काही विचारत नाही. जागेत जाडीला अर्धा मिलिमीटर मोकळा ठेवा, सेल गरम होऊन किंचित फुगतो.

४५० ला मात्र सरळ ६०सीची घ्या. सी जास्त तेवढा दम जास्त.

मिलिव्होल्ट | ११ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

पारसिक, इथे मतभेद आहे. हिशोब मांडू.

सरासरी किती सी लागतो ते काढणं सोपं आहे: ६० ला उडण्याच्या मिनिटांनी भागा. छोटं ८ मिनिटांत बॅटरी संपवत असेल तर ६० भागिले ८, म्हणजे साडेसात सी. तिथे १५ ते २५सीचा सेल भरपूर झाला.

४५० वर २२०० एमएएच, त्यातले ८० टक्के म्हणजे १७६० वापरायचे. ६ मिनिटं उड्डाण धरलं तर सरासरी साडेसतरा अँपियर. कलेक्टिव्ह (पात्यांचा कोन वाढवणारी काडी) एकदम ओढला की क्षणभर त्याच्या दुप्पट, अडीचपट जातो. धरा ४५ अँपियर. २२०० ला ३०सी म्हणजे कागदावर ६६ अँपियर. पुरे आहे. २०सी म्हणजे ४४, म्हणजे कायम काठावर. नौपाडेकरांची बॅटरी प्रत्येक उड्डाणात तापत असणार, फुगायला तेही एक कारण.

६०सीच्या पॅकमध्ये आतले पत्रे जाड असतात, तारा जाड असतात. त्याच २२०० मध्ये वजन २०-२५ ग्रॅम जास्त भरतं. थ्रीडी, म्हणजे उलटसुलट कसरती करणाऱ्याला ते चालतं. साधं हॉवर (जागच्या जागी तरंगणं) आणि चक्कर मारणाऱ्याने ते वजन का वाहावं? शिवाय लेबलावरचा सी हा बनवणाऱ्याचा दावा असतो, कोणी तपासून शिक्का मारत नाही. खरी ओळख अंतर्गत रोधाची. चांगला चार्जर सेलगणिक मिलिओहम दाखवतो. नव्या २२०० च्या सेलला ३ ते ८ च्या घरात आकडा दिसला की समाधान माना. आल्याबरोबर मोजून आकडा मार्करने बॅटरीवरच लिहा. तो दुप्पट झाला की बॅटरी निवृत्त. मोजताना तापमान सारखं असू द्या, थंड सेल जास्त रोध दाखवतो.

पारसिक | ११ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

वजनाचा मुद्दा मान्य. मग ३०-३५सी म्हणू. दाव्यात थोडी हवा असते, म्हणून ३५ कडे झुकावं.

सेक्टर_सतरा | ११ ऑक्टोबर, सकाळी ११.०२

एक शंका. ४५० ला ३एस ऐवजी ४एस लावली तर? व्होल्टेज वाढला की अँपियर कमी लागतात असं वाचलंय.

मिलिव्होल्ट | ११ ऑक्टोबर, दुपारी १२.२०

मोटर आणि पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) बदललात तरच. या वर्गात ३५०० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे) मोटर सर्रास असते. ३५०० गुणिले ११.१ म्हणजे सुमारे ३८,८५० फेरे. पिनियनला ११ दाते, मुख्य गिअरला १५०, म्हणजे भार नसताना रोटर मिनिटाला सुमारे २८५० फेरे. तिथेच ४एस, १४.८ व्होल्ट लावा: रोटर ३८०० च्या जवळ. पात्यांवर बाहेर ओढणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पावणेदोन पटीच्या वर. पातं ग्रिपमधून निसटलं तर ते कुठे जाईल याचा नेम नाही. सोबत ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटवर) किती एसपर्यंत चालेल ते छापलेलं असतं, तेही बघा. छोट्याला ७.४ व्होल्ट लावायचा विचार तर कोणीच करू नये, बोर्ड क्षणात जातो.

गावदेवी_मैदान | ११ ऑक्टोबर, दुपारी १.१०

एचव्ही (हाय व्होल्टेज) लिहिलेल्या बॅटऱ्यांचं काय? ४.३५ पर्यंत चार्ज होतात म्हणे.

मुक्ता_ऐरोली | ११ ऑक्टोबर, दुपारी १.४५

होतात, पण चार्जरला लायएचव्ही मोड हवा. साध्या यूएसबी केबलवर ४.२ लाच थांबतात, मग जादा पैशांचा उपयोग होत नाही. उलट बाजूने मात्र घात आहे: साधी लायपो एचव्ही मोडमध्ये चार्जला लावली तर ती फुगते किंवा पेट घेते. घरात दोन्ही जातींच्या बॅटऱ्या असतील तर एचव्हीवाल्यांवर रंगीत पट्टी चिकटवा.

आता पोलॅरिटीबद्दल लिहायलाच हवं, कारण नव्या बॅटरीने बोर्ड जळतात ते बहुधा यामुळे. बारीक पांढऱ्या कनेक्टरांना लाल तार कुठल्या बाजूला यावी याचा सगळ्यांनी पाळलेला नियम नाही. कनेक्टर खटकन बसतो आणि आत उलटा असतो. जोडण्याआधी जुना आणि नवा कनेक्टर शेजारी शेजारी, खाच वर करून धरा. लाल तार एकाच बाजूला आली पाहिजे. तारांच्या रंगावरही विसंबू नका, मल्टिमीटरने बघा: लाल टोक लालवर, काळं काळ्यावर, आकड्यापुढे वजाची खूण यायला नको.

उलटा निघाला तर तारा कापायची गरज नाही. कनेक्टरच्या प्लॅस्टिकला खिडकीसारख्या दोन खाचा असतात, आत पितळी टोकाची जीभ दिसते. सुईने ती जीभ हलकेच दाबून एक तार मागे ओढा, टोकाला लगेच चिकटपट्टी गुंडाळा. मग दुसरी तार काढून पहिलीच्या जागी सरकवा, टक् असा आवाज येईपर्यंत. मग पहिलीची पट्टी सोडून तिला उरलेल्या जागी घाला. दोन्ही टोकं एकाच वेळी उघडी राहू द्यायची नाहीत.

नौपाडेकर | ११ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

ताई, फार उपयोगी. छोट्याला कनेक्टरच नाही, तारा थेट बोर्डवर आहेत. त्या कशा बदलाव्यात?

मुक्ता_ऐरोली | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.०५

आधी जुन्या सेलच्या डोक्यावरची पिवळी टेप सोडवून बघा. खाली नखाएवढी हिरवी पट्टी असेल तर ते संरक्षण सर्किट. जुन्याला असेल तर नव्यालाही असलेलंच घ्या. पण ब्लूटूथ हेडफोनचा किंवा घड्याळाचा सेल माप जुळतं म्हणून घेऊ नका. तो जास्तीत जास्त एक-दोन सीसाठी बनवलेला असतो. थ्रॉटल दिला की व्होल्टेज कोसळतो, नाहीतर त्याचं संरक्षण सर्किट झडप टाकतं आणि हेलिकॉप्टर एका क्षणात मेल्यासारखं पडतं. दिसायला डिट्टो सारखा, कामाला शून्य.

तारा कापताना कटरमध्ये दोन्ही एकदम धरू नका. कटरचं पातं धातूचं, ते दोन्ही तारा जोडतं आणि ठिणगी पडते. काळी कापा, बॅटरीकडच्या टोकाला पट्टी लावा, मग लाल कापा. बोर्डकडच्या तारा दीड सेंटिमीटर तरी लांब ठेवा. हीट श्रिंक नळी (तापवली की आकसणारी) आधी तारेवर सरकवायची, सोल्डर नंतर. टोकांना वेगवेगळं कथील चढवून घ्या म्हणजे जोडताना दोन सेकंदांत काम होतं. सेलच्या पत्र्याच्या पट्ट्यांवर थेट सोल्डरिंग आयर्न कधीच टेकवू नका, उष्णता आत जाऊन सील सुटतं. नवा सेल तारा लावलेलाच मागा.

हात बसला असेल तर मध्ये बारीक कनेक्टरची जोडी टाका. एखादा ग्रॅम वाढतो, पण पुढच्या वेळी सोल्डरिंग लागत नाही.

खाडीकाठ | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.१८

५०० चा सल्ला मागे घेतो. वजनाचा हिशोब पटला. २०० ला जुनी यूएसबी केबल चालेल ना?

मुक्ता_ऐरोली | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०

चालेल, वेळ थोडा जास्त लागेल एवढंच. रिमोटच्या पोटातली केबल वापरू नका, पेन्सिल सेल उगाच संपतात. आणि उडवून आणल्यावर लगेच चार्जिंग नको, दहा-पंधरा मिनिटं सेल थंड होऊ द्या.

घोडबंदर_गिअर | ११ ऑक्टोबर, रात्री ८.५५

खरेदीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. समोर बघून घ्यायची तर मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादर, तिथे पश्चिम रेल्वे पकडून ग्रँट रोड, पूर्वेला उतरायचं. वाशीकरांनी कुर्ला, दादर करून जावं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी सकाळी उत्तम. जुनी छोटी बॅटरी, मल्टिमीटर आणि खिशात मावणारा वजनकाटा सोबत न्या. फुगलेली मात्र लोकलमध्ये नेऊ नका, तिची मापं कागदावर उतरवून घ्या.

दुकानात तीन गोष्टी बघा. प्रत्येक सेलचा व्होल्टेज ३.८० ते ३.८५ च्या दरम्यान आणि एकमेकांत ०.०३ च्या आत. ३.५ च्या खाली असेल तर माल बराच काळ पडून आहे. दुसरं, पिशवी सगळीकडे टणक आणि सपाट हवी, कोपरे चेपलेले नकोत. तिसरं वजन. २२०० ची ३एस १७० ते १९० ग्रॅम भरते. २२०० लिहिलंय आणि १२० ग्रॅम भरली तर आत २२०० चा माल नाही, हातच्या काकणाला आरसा कशाला. १८६५० वर ९९०० एमएएच छापून विकतात तोही हाच प्रकार. त्या आकाराच्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या फार पुढे कोणालाच जाता आलेलं नाही.

ऑनलाइन मागवलीत तर लिथियम बॅटऱ्या बहुतेकदा जमिनीवरून येतात, आठवडा धरून चाला.

गावदेवी_मैदान | ११ ऑक्टोबर, रात्री ९.२०

४५० ला २६०० एमएएच बसेल का? किंमतीत फार फरक नाही.

पारसिक | ११ ऑक्टोबर, रात्री ९.४८

बसते की नाही हे कॅनोपी (पुढचं टोपण) सांगेल. २६०० चा पॅक लांबीला किंवा जाडीला वाढतो आणि ३० ते ४० ग्रॅम जास्त भरतो. ते सगळं वजन नाकावर येतं. नाक जड झालं की हॉवर करताना रिमोटची काडी सतत मागे धरावी लागते, सोडलं की पुढे धावतं.

तपासायची रीत अशी: बॅटरी, कॅनोपी सगळं लावा. पाती शेपटीला काटकोनात फिरवा आणि दोन्ही बाजूंच्या ग्रिपखाली एकेक बोट देऊन उचला. शेपटीचा दांडा आडवा राहिला पाहिजे, नाक चिमूटभर खाली चालेल. शेपूट खाली गेलं तर बॅटरी पुढे सरकवा, नाक फार खाली गेलं तर मागे. बॅटरी मागे सरकायला जागाच उरत नसेल तर ती बॅटरी त्या हेलिकॉप्टरची नाही. जागा ठरली की ट्रेवर मार्करने रेघ मारा, खाली वेल्क्रो आणि वरून पट्टा, दोन्ही हवेत. नुसत्या वेल्क्रोवर बॅटरी सरकते.

सेक्टर_सतरा | १२ ऑक्टोबर, सकाळी १०.११

थोडं अवांतर. उडवायचं कुठे हल्ली? खारघर, उलवे भागात चालतं का?

घोडबंदर_गिअर | १२ ऑक्टोबर, सकाळी १०.४५

नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झाली आहेत, त्यामुळे उलवे-पनवेलचं जुनं मोकळं रान आता धरू नका. आधी डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) हवाईक्षेत्राचा नकाशा बघा, लाल पट्ट्यात परवानगीशिवाय काही उडवता येत नाही. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथेही नाही. सीवूड्सच्या पाणथळ जागांवर नोव्हेंबरपासून फ्लेमिंगो उतरतात, त्यांच्यावर रोटरचा आवाज नको. छोटं इन्फ्रारेडवालं तर घरातच उडवायचं, उन्हात त्याचा रिमोट नीट पकडत नाही.

कोपरी_पूल | १२ ऑक्टोबर, दुपारी २.०२

मूळ मुद्द्यावर. नवी घ्यायची घाई कशाला? ३.६१ वाला सेल एकटा चार्ज करून बरोबरीला आणता येतो. अगदी शून्याला टेकलेली बॅटरीसुद्धा चार्जरच्या निकेल बॅटऱ्यांसाठीच्या मोडमध्ये पाच मिनिटं ढकलली की उठते.

मिलिव्होल्ट | १२ ऑक्टोबर, दुपारी ३.१६

कळकळीने सांगतो, हे कोणी करू नका. सेल फार खाली, दोन व्होल्टच्याही खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं. परत चार्ज करताना ते नको तिथे जमतं आणि आतून शॉर्ट तयार होतो. चार्जर बॅटरी नाकारतो तो त्यासाठीच. निकेल मोड ४.२ ला थांबणं जाणत नाही. हा तर आगीतून फुफाट्यात जाण्याचा रस्ता. आणि नौपाडेकरांचा सेल नुसता उतरलेला नाही, फुगलेला आहे. आत इलेक्ट्रोलाइट फुटून वायू झालेला आहे, तो परत द्रव होत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर बाराशे-पंधराशे रुपयांसाठी हे करू नये.

फुल चार्ज करून ठेवल्याने काय होतं तेही यात आलं. ४.२ वर धन पत्र्याशी इलेक्ट्रोलाइट सतत झिजत असतो, उकाड्यात जास्त वेगाने. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर चार्जरच्या स्टोरेज मोडवर प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ वर आणून ठेवा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की हे काम त्याच दिवशी.

कोपरी_पूल | १२ ऑक्टोबर, दुपारी ४.००

तांब्याचं कारण माहीत नव्हतं. मागे घेतो.

नौपाडेकर | १२ ऑक्टोबर, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. मग छोट्याला ३.७ व्होल्ट २०० एमएएच २५सी, आणि ४५० ला ३एस २२०० ३५सी एक्सटी६०. दोन प्रश्न उरले. टायमर किती लावू? आणि जुन्या फुगलेलीचं काय करू? काहींनी मिठाच्या पाण्यात टाकायला सांगितलंय.

मिलिव्होल्ट | १२ ऑक्टोबर, रात्री १०.१२

यादी बरोबर. चार्जरवर लायपो, बॅलन्स (सगळे सेल बरोबरीला आणणारा मोड), ३एस, २.२ अँपियर ठेवा, आणि पांढरा बॅलन्स कनेक्टर लावल्याशिवाय सुरू करायचं नाही. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर. गादीवर, सोफ्यावर नाही.

टायमर पहिल्यांदा ४ मिनिटांचा लावा. उतरवून चार्ज करा आणि किती एमएएच परत गेले ते बघा. समजा १२५० गेले. म्हणजे मिनिटाला ३१२. वापरायचे १७६०, भागाकार ५.६ मिनिटं. टायमर साडेपाचवर ठेवा. उतरल्यावर पाच मिनिटांनी प्रत्येक सेल ३.७ च्या वर दिसायला हवा. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

मिठाचं पाणी नको. ते आधी बाहेरच्या पट्ट्या खाऊन टाकतं, मग आतला चार्ज आतच अडकतो. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब घ्या, त्याला तारा लावून एक्सटी६० च्या जोडीदारावर सोल्डर करा. गॅलरीत उघड्या फरशीवर किंवा त्याच कुंडीत बॅटरी ठेवून बल्ब जोडा. दीड-दोन अँपियर जाईल, तासा-दीड तासात बल्ब मंदावेल. विझल्यावरही रात्रभर तसाच जोडलेला राहू द्या. बल्ब काचेचा आहे, चटका देतो, कागदापासून लांब ठेवा.

घोडबंदर_गिअर | १२ ऑक्टोबर, रात्री १०.४०

त्यानंतर सगळ्या सेलवर शून्याच्या जवळ आकडा आला की टोकांना पट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. घंटागाडीत टाकू नका, गाडीत कचरा दाबला जातो आणि आत थोडा जरी चार्ज उरला असेल तर पेट घेतो. तो कचरा हाताने वेगळा करणारी माणसं आहेत.

नौपाडेकर | १९ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

आकडे कळवतो. ४५० चा नवा पॅक १८३ ग्रॅम, सेल ३.८३, ३.८३, ३.८२. रोध ५, ५, ६. चार मिनिटांनी १३१० परत गेले, म्हणून टायमर ५ मिनिटं २० सेकंदांवर. ट्रेवर रेघ मारली, जुन्या बॅटरीपेक्षा ६ मिमी मागे. छोट्याचा नवा कनेक्टर उलटाच होता. ताईंनी सांगितल्याप्रमाणे सुईने जीभ दाबून तारा बदलल्या. जुनी बॅटरी बल्बवर आहे.

मुक्ता_ऐरोली | १९ ऑक्टोबर, सकाळी ९.२२

उत्तम. मिलिओहमचे आकडे बॅटरीवर तारखेसकट लिहिलेत ना?

नौपाडेकर | १९ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

लिहिले. निळ्या मार्करने, तिन्ही सेलचे.